‘बरं आहे’ म्हणणारा रुग्ण

दवाखान्यात डॉक्टरांनी ‘काय, बरं आहे ना?’ असे विचारावे आणि रुग्णाने ‘हो, बरं आहे’ असे उत्तर द्यावे, हा आपल्याकडील शिष्टाचार इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही वावगे घडते आहे असे दोघांपैकी कोणालाच वाटत नाही. तापाच्या किंवा खोकल्याच्या रुग्णाने असे म्हटले तर फारसे बिघडत नाही. थर्मामीटर खरे बोलतो, छातीला लावलेली नळीही खरे बोलते. परंतु नैराश्याच्या विकारात रुग्णाच्या बोलण्याखेरीज दुसरे मोजमाप डॉक्टरांच्या हाती जवळजवळ नसतेच. औषध लागू पडले की नाही, आणि पडले असल्यास रुग्ण त्याची कोणती किंमत मोजतो आहे, हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही की क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही. अशा विकारात ‘बरं आहे’ हे दोन शब्द खोटे असले, तर पुढचा सगळा उपचार अंदाजाने चालतो.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी या विकाराने मलाच गाठले होते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तीन आठवडे टेबलावर तसाच पडून होता. पहाटे तीनला जाग येई आणि उजाडेपर्यंत छताकडे पाहत पडून राहावे लागे. मागणीचा नियम मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. तो फळ्यावर लिहिता लिहिता एके दिवशी मध्येच हात थांबला आणि पुढे काय लिहायचे होते ते आठवेना. मुलांना वाटले, सर काही विचार करीत आहेत. आमच्या घरच्या डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली (ती ग्रंथी मंदावली तरी माणूस असाच खचल्यासारखा दिसतो) आणि मग मला एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले.

त्या गृहस्थांच्या ज्ञानाविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. परंतु पहिल्या भेटीला दहा मिनिटे आणि पुढच्या प्रत्येक भेटीला दीड-दोन मिनिटे, असा तेथील हिशेब होता. चिठ्ठीवर दोन गोळ्या होत्या. एक सकाळची, एक रात्रीची. कोणती कशासाठी, गुण किती दिवसांनी येईल, त्रास कोणता होऊ शकेल, किती महिने घ्यायच्या, यांपैकी काही ते बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. कंपाउंडरने दार अर्धे उघडून धरलेले असे आणि पुढचा रुग्ण उंबऱ्यात उभा असे. महिन्याभरात झोप सुधारली. दुःखाची धार बोथट झाली, पण तिच्याबरोबर इतरही सारे बोथट झाले. मुलीला शाळेत बक्षीस मिळाले, ते मला एखाद्या शेजाऱ्याच्या मुलीला मिळाल्यासारखे वाटले. दुपारच्या तासाला डोळ्यांवर झापड येई. आणि संसारात एक अडचण उत्पन्न झाली, जिच्याविषयी पुरुष मित्राशीही बोलत नाही. तीन भेटी झाल्या. तिन्ही वेळा मी ‘बरं आहे’ म्हटले. चौथ्या भेटीला गेलोच नाही. दिवाळीच्या सुट्टीत एके सकाळी दोन्ही गोळ्या बंद करून टाकल्या.

तिसऱ्या दिवशी चक्कर येऊ लागली. मान वळविली की डोक्यात बारीकशी वीज चमकून जावी असे होई. अंगाला दरदरून घाम, भलती स्वप्ने, आणि घरातल्या माणसांवर कारण नसताना ओरडणे. मूळ रोगच उलटला, अशी माझी समजूत झाली. वस्तुस्थिती निराळी होती. नैराश्यावरील पुष्कळशा गोळ्या एकाएकी बंद केल्या तर असा त्रास होतो; म्हणून त्यांची मात्रा टप्प्याटप्प्याने, काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने वेळ घेऊन, कमी करावयाची असते. हे एक वाक्य मला पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते, किंवा मी विचारले असते, तर ती दिवाळी आमच्या घरात अशी गेली नसती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अल्बर्ट हर्शमन यांचे १९७० सालचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटेखानी पुस्तक ठाऊक असेल. एखाद्या संस्थेची किंवा दुकानाची सेवा ढासळू लागली की गिऱ्हाइकापुढे दोन मार्ग असतात, असे हर्शमन म्हणतात: निघून जाणे, किंवा आवाज उठविणे. निघून जाणे सोपे असते. पण त्यातून दुकानदाराला एवढेच कळते की गिऱ्हाईक गेले. का गेले, हे बोलल्यावाचून कळत नाही. दवाखान्यात तर निघून जाण्याचा अर्थही उलटा लागतो. किराणा दुकानातले गिऱ्हाईक येईनासे झाले तर वाण्याला काळजी वाटते. रुग्ण येईनासा झाला, तर डॉक्टर समजतात की तो बरा झाला! माझ्या न जाण्याची नोंद त्या दवाखान्यात बहुधा यश म्हणूनच झाली असेल.

केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला आणि या विषयाचा पाया घातला. वैद्यकीय सेवा ही बाजारातल्या इतर वस्तूंसारखी नव्हे, कारण तिच्यात अनिश्चितता मोठी आणि माहितीची वाटणी विषम, हे त्यांचे प्रतिपादन. या विषमतेचा अर्थ आपण नेहमी एकाच बाजूने लावतो: डॉक्टरांना माहिती अधिक, रुग्णाला कमी. ते खरेच आहे. परंतु नैराश्याच्या उपचारात दुसरी बाजूही तितकीच भारी असते. औषधाची रसायनविद्या डॉक्टरांना माहीत असते. ते औषध या विशिष्ट माणसाच्या शरीरात आणि संसारात काय करते आहे, हे त्या माणसाखेरीज कोणालाच ठाऊक नसते. अर्धी माहिती टेबलाच्या या बाजूला आणि अर्धी त्या बाजूला. दोघांनी आपापली अर्धी झाकून ठेवली, तर चिठ्ठी लिहिली जाते एवढेच.

या औषधांचा जन्मच मुळी रुग्णांकडे लक्ष देण्यातून झाला आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू या क्षयरुग्णालयात क्षयावरील एका नव्या औषधाचे प्रयोग चालले असता, खाटेवर खिळलेले रुग्ण उल्हसित झालेले तेथील लोकांच्या ध्यानात आले. पुढे स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगन येथे रोलांड कून यांना निराळ्याच मनोविकारासाठी म्हणून आणलेले इमिप्रामिन नैराश्याच्या रुग्णांना लागू पडते असे आढळले. तो निष्कर्ष त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. तो काढताना कून यांची मुख्य भिस्त रुग्णांशी होणाऱ्या बोलण्यावर होती. (याच रुग्णालयात रुग्णांची रीतसर संमती न घेता अनेक औषधांचे प्रयोग झाले, हे पुढे इतिहासकारांनी उजेडात आणले. म्हणजे रुग्णाचे ऐकले गेले, पण त्याला विचारले गेले नाही.)

पहिलेच औषध पहिल्याच मात्रेत लागू पडावे ही अपेक्षा रुग्णाची असते आणि ती बहुधा कोणी दुरुस्त करीत नाही. अमेरिकेत सरकारी खर्चाने सुमारे चार हजार रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला. ‘स्टार-डी’ या नावाने तो ओळखला जातो. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या औषधाने लक्षणे जवळजवळ पूर्णपणे गेली अशा रुग्णांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास भरले. उरलेल्यांना मात्रा बदलणे, औषध बदलणे, दुसऱ्याची जोड देणे किंवा समुपदेशनाकडे वळणे आवश्यक होते. म्हणजे पहिली चिठ्ठी हा निकाल नसून पहिला प्रयोग असतो. प्रयोगाचा परिणाम काय झाला हे प्रयोगशाळेला कळविलेच नाही, तर पुढचा प्रयोग कशाच्या आधारावर व्हावयाचा? शिवाय वेळेचाही घोटाळा असतो. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि मळमळ, बेचैनी, झोपेची उलथापालथ हा त्रास बहुधा पहिल्याच आठवड्यात सुरू होतो. खर्च आधी, लाभ मागाहून. हा क्रम ज्याला कोणी सांगितलेला नाही, तो दहाव्या दिवशी गोळ्या कपाटात टाकतो, यात नवल कसले?

रात्रीच्या गोळीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज तिच्याभोवती आहे. नैराश्यावरील औषधासोबत पुष्कळदा अल्प्राझोलॅम किंवा क्लोनाझेपॅम यांसारखी झोपेची वा अस्वस्थता शमविणारी गोळी दिली जाते. ती पहिल्याच रात्री काम करते. म्हणून रुग्णाचा विश्वास तिच्यावर बसतो. पण सवय जडते ती हिची. ती सामान्यतः थोड्या दिवसांसाठीच घ्यावयाची असते, आणि पुष्कळ दिवस घेतल्यावर तीही एकदम बंद करणे धोक्याचे असते. उलट सकाळची गोळी, जी बरे वाटू लागल्यावरही साधारणपणे निदान सहा महिने चालू ठेवावयाची असते, तिचा गुण सावकाश येतो. ‘मानसिक रोगाच्या गोळ्यांची सवय लागते’ हे ऐकून आपला माणूस काय करतो? सकाळची सोडतो आणि रात्रीची वर्षानुवर्षे चालू ठेवतो. औषधाच्या दुकानात जुनी, कडा फाटलेली चिठ्ठी दाखविली की पुढची पट्टी मिळून जाते. दोन गोळ्यांतली कोणती कशासाठी, एवढा एकच प्रश्न विचारला गेला असता तर हे टळले असते.

मग रुग्ण विचारीत का नाही? डॉक्टरांकडे वेळ नसतो, हे पहिले उत्तर. आणि ते खोटे नाही. जगभरातील प्राथमिक वैद्यकीय सेवेतील भेटींच्या कालावधीचा एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत खोकला सांगता येतो, आयुष्य सांगता येत नाही. परंतु वेळ असता तरी आपण बोललो असतोच असे मला वाटत नाही. डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे, हा संस्कार आपल्यात खोल आहे. ‘तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर’ हे वाक्य आपण नम्रतेचे मानतो. मी वर्गात मुलांना ‘शंका विचारा, शंका विचारा’ म्हणून वीस वर्षे कंठशोष करीत आलो, आणि स्वतः स्टुलावर बसल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही!

दुसरी अडचण घरच्या माणसांची. आपल्याकडे रुग्ण एकटा जात नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु पुष्कळदा रुग्णाच्या वतीने तेच बोलतात. बाई खुर्चीवर मान खाली घालून बसलेली असते आणि नवरा सांगतो, ‘आता जेवते व्यवस्थित, कामंही करते.’ कामे करते म्हणजे बरी झाली! सासूबाई शेजारी बसलेल्या असताना, पाळी चुकते आहे किंवा नवऱ्याजवळ जावेसे वाटत नाही, हे ती कसे सांगणार? या औषधांपैकी अनेकांनी कामेच्छा मंदावते, काहींनी वजन वाढते. उपचार अर्धवट सोडण्याची ही नित्याची कारणे आहेत आणि नेमकी हीच चारचौघांत सांगता येत नाहीत. पाच मिनिटे रुग्णाशी एकट्याने बोलणे हा खरे तर प्रत्येक दवाखान्याचा नियम असावयास हवा. पैशाचेही असेच आहे. औषध परवडत नाही म्हणून दिवसाआड गोळी घेणारे कारकून आणि शिक्षक मला ठाऊक आहेत. पगारदार माणसाने ‘महाग पडतं’ असे म्हणावे कसे, या संकोचापायी ते स्वस्त पर्याय आहे का, किंवा जनऔषधी केंद्रात हेच औषध मिळेल का, हे विचारीत नाहीत.

परंतु या सर्वांहून मोठी अडचण या रोगाच्या स्वभावातच आहे, आणि येथे हर्शमन यांचा सिद्धांत लंगडा पडतो. आवाज उठविण्यासाठी माणसात दोन गोष्टी असाव्या लागतात: थोडे बळ, आणि आपण बोललो तर काही सुधारेल ही आशा. नैराश्य नेमक्या याच दोन गोष्टी हिरावून घेते. ज्याला अंघोळीला उठणे जड जाते त्याने आपल्या हक्कांसाठी जागरूक राहावे, ही अपेक्षा कशी धरावयाची? त्याला वाटते, दोष औषधाचा नाही, माझाच आहे. बरे होण्याची लायकीच माझ्यात नाही. म्हणून ‘जागरूक ग्राहक’ हा जो उपाय आम्ही अर्थशास्त्राचे लोक ऊठसूट सुचवितो, तो येथे अपुरा आहे. बोलण्याची जबाबदारी रुग्णाची खरी. पण विचारण्याची जबाबदारी तिच्याआधी येते, आणि ती डॉक्टरांची आहे.

कायदा या बाबतीत मागे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आहे. आजाराचे स्वरूप, योजलेला उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क त्याने दिला आहे. गोपनीयतेचा, आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा आणि सेवेतील उणिवांविषयी तक्रार करण्याचा हक्कही दिला आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला होता. परंतु ज्याच्याकडून आपल्याला बरे व्हावयाचे आहे त्याच्यासमोर कोणी कायद्याचे कलम घेऊन बसत नाही.

माझ्यापुरते सांगावयाचे तर, ती चक्कर थांबेना तेव्हा पत्नीच्या आग्रहावरून मी त्याच डॉक्टरांकडे परत गेलो. तोंडाने सांगता येणार नाही हे ठाऊक होते, म्हणून अर्ध्या पानावर पाच ओळी लिहून नेल्या: गोळ्या कधी बंद केल्या, का बंद केल्या, काय होते आहे. संकोचाची ओळ सर्वांत शेवटी होती. पत्नीला मी बाहेर बसावयास सांगितले होते. ती ओळ तिला ठाऊक होती, पण तिच्यासमोर ती वाचली जावी असे वाटेना. डॉक्टरांनी कागद वाचला आणि थोड्या त्रासिक स्वरात म्हणाले, ‘हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?’ मी म्हणालो, ‘तुम्ही विचारलं नाहीत, डॉक्टर.’ हे वाक्य मी कसे उच्चारले, मला आजही कळत नाही. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी कंपाउंडरला दार लावून घ्यावयास सांगितले. त्या दिवशी त्यांनी बारा-पंधरा मिनिटे दिली. जुने औषध पुन्हा सुरू करून ते कसे उतरवीत न्यावयाचे आणि दुसरे कसे चढवावयाचे हे आठवड्यांच्या हिशेबाने लिहून दिले. त्यांनीच प्रथम मला विचारले की, पूर्वी कधी दिवसेंदिवस झोपेची गरजच न वाटणे, अवाजवी उत्साह, वारेमाप खर्च असे काही झाले होते काय. कारण ज्यांना तसा उन्मादाचा झटका येऊन गेलेला असतो त्यांना नुसते नैराश्यावरील औषध देणे घातक ठरू शकते. हा प्रश्न पहिल्या भेटीतला होता, चौथ्या महिन्यातला नव्हे. दिलगिरी मात्र त्यांनी व्यक्त केली नाही. मीही ती मागितली नाही.

तेव्हापासून कोणी परिचित या वाटेने जाऊ लागला की मी त्याला कागद न्यावयास सांगतो. चालू असलेली इतर औषधे त्यावर असावीत, आयुर्वेदिक काढे आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांसह. वेदनाशामकांची या औषधांशी गाठ पडली तर काहींना रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टर ऐकूनच घेत नसतील तर डॉक्टर बदलावेत, पण दुसरे मिळेपर्यंत औषध आपल्या मनाने तोडू नये. आणि एक गोष्ट पुढच्या भेटीपर्यंत राखून ठेवू नये: जीव नकोसा वाटण्याचा विचार. पंचविशीच्या आतील तरुणांत या औषधांच्या पहिल्या काही आठवड्यांत असे विचार बळावू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांच्या बाबतीत दिला आणि २००७ साली तो तरुणांपर्यंत वाढविला. असे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा घरच्यांना सांगावे. मध्यरात्र असेल तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी, विनाशुल्क क्रमांक आहे.

यापुढचा प्रश्न व्यवस्थेचा आहे. २०१५-१६ साली बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली (महाराष्ट्र त्यांत नव्हता). नैराश्यासारख्या सर्रास आढळणाऱ्या मनोविकारांत शंभरांतील सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाही, असे तीत दिसून आले. या ८५ जणांची चर्चा होते आणि व्हावयासच हवी. पण उरलेल्या पंधरांपैकी किती जण तिसऱ्या भेटीनंतर न बोलता उठून गेले, हे त्या आकड्यात दिसत नाही; ते उपचार मिळालेल्यांतच जमा होतात. देशात दर लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता पडत नाही, तेव्हा प्रत्येक रुग्णाला त्यांनी वीस मिनिटे द्यावीत असे म्हणणे व्यर्थ आहे. वेळ दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागेल. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिले आहे. मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक केंद्रांत रुग्णांशी बोलावे, औषधाचा पाठपुरावा करावा, अशी ती योजना होती. सरकारी केंद्रांत तिचा लाभ झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. २०१७ साली त्याच पठडीतील सहा ते आठ बैठकांच्या एका उपचाराचेही चांगले परिणाम नोंदले गेले. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत असे समुपदेशक नेमणे हे काही न पेलणारे ओझे नव्हे.

आणि तेही होईपर्यंत एक फारच स्वस्त गोष्ट करता येण्यासारखी आहे. नैराश्याची तीव्रता मोजण्यासाठी ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची एक पानी यादी जगभर वापरली जाते. झोप, भूक, उत्साह, एकाग्रता येथपासून जीव नकोसा वाटण्यापर्यंतचे प्रश्न तीत आहेत आणि गुणांची बेरीज शून्य ते २७ अशी होते. तिच्यासाठी शुल्क पडत नाही. दवाखान्याच्या बाकावर दीड-दीड तास बसणाऱ्या रुग्णाला हा कागद दर भेटीला द्यावा आणि खाली दहावा प्रश्न हाताने लिहावा: ‘औषधाने कोणता त्रास होतो?’ डॉक्टरांचा एक मिनिटही त्यात खर्च होत नाही. जो वेळ जातो तो रुग्णाचा, आणि तो एरवी भिंतीवरचे कॅलेंडर पाहण्यातच जात असतो.